फळ्यावरची कालची तारीख

बाई : आणि ही तारीख?

मावशी : कुठली तारीख?

बाई : फळ्यावरची. तुमच्या डोक्याच्या बरोबर वर.

मावशी : ती होय! ती जुनी असेल.

बाई : कालची आहे, मावशी. साथीमुळे शाळा सात महिने बंद आहे, आणि तिसरीच्या वर्गात फळ्यावर कालची तारीख आहे.

मावशी : मग कबुतरांनी लिहिली असेल.

बाई : कबुतरांनी.

मावशी : हसू नका, बाई. तुम्ही मुख्याध्यापिका, तुम्ही घरून बघता सगळं. मी इथं फाटकाशेजारच्या खोलीत राहते. माणसं गेली तशी कबुतरं सोकावली हो. आधी नुसती बेंचावर बसायची. मग ओळीनं बसायला लागली. एक राखाडी आहे, जाडं, ते टेबलावर बसतं. ते घुमलं की बाकीची उठून उभी राहतात. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

बाई : मी हसत नाहीये. पाढाही तेच जाडं घेतं का?

मावशी : तेच घेतं. आवाज चांगला आहे त्याचा.

बाई : पाढा चुकलाय त्याचा. सात नव्वे बासष्ट लिहिलंय.

मावशी : बासष्ट नाही?

बाई : त्रेसष्ट.

मावशी : अरे देवा! आणि मी काल वीस-वीस वेळा म्हणून घेतला एकेकाकडून!

बाई : तुम्ही?

मावशी : म्हणजे, जाड्यानं.

बाई : मावशी, मास्क नाकावर घ्या आणि माझ्याकडे बघून सांगा. किती मुलं येतात?

मावशी : सात.

बाई : कधीपासून?

मावशी : दीड महिना झाला असेल. पण खोलीत नाही हं, बाई! गच्चीवर, उघड्या हवेत. खडूनं मोठे मोठे गोल काढलेत, एकाला एक. सांगून ठेवलंय, गोलाच्या बाहेर ज्याचा पाय पडेल, तो पाय इथंच राहील, घरी एका पायानं जायचं. एकाचाही पाय हलत नाही. तुमच्या कवायतीला कधी इतकी शिस्त नव्हती.

बाई : कुणाच्या परवानगीनं हे?

मावशी : परवानगी कसली. बटणनं सुरू केलं.

बाई : कोण बटण?

मावशी : तिसरीतली ती एवढीशी. खरं नाव पटावर असेल, मी बटणच म्हणते. आई दवाखान्यात चादरी धुते. घरात दुसरं माणूस नाही. सकाळी सहाला बाहेरून कडी लावून जायची, ती तीनला काढायची. नऊ तास पोरगी आत. एक दिवस कडी लावायची राहिली, तर ही दप्तर घेऊन थेट फाटकात. पायरीवर बसली. मी म्हटलं, अगं शाळा बंद आहे. म्हणते कशी, मला माहितीय, मी नुसती बसते. आता सांगा, हाकलून देऊ?

बाई : मला फोन करायचा होता.

मावशी : तुम्ही काय म्हणाला असता?

बाई : नाही म्हणाले असते.

मावशी : म्हणूनच नाही केला.

बाई : थट्टा पुरे. माझ्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, तुम्हाला ठाऊक आहे. सात महिने मी पोटच्या लेकीला खिडकीतून भेटतेय. तीनदा वर लिहून कळवलं, इतक्यात शाळा उघडणं बरं नाही. लोक दारात येऊन बोलून गेले. बाई घाबरट आहेत, बाईंना घरबसल्या आराम पाहिजे. सगळं ऐकून घेतलं. आणि इकडे माझ्याच शाळेत सात मुलं!

मावशी : आणि आता उघडायच्या कागदावर शिक्का मारायला तुम्हीच आलात.

बाई : आलेय. चौथीतल्या मुलांना धड जोडाक्षर लिहिता येईनासं झालंय. सातवीतली दोन मुलं विटा उचलायला जातात. उघडली तरी माझा जीव टांगणीला, नाही उघडली तरी टांगणीला. चार वाजेपर्यंत कागद कार्यालयात दिला की सोमवारी शाळा भरणार. चारशे मुलं. थांबा. तुम्ही गच्चीवर म्हणालात.

मावशी : गच्चीवरच.

बाई : मग लिहिलेला फळा इथे कसा? हा काय उडून गेला होता गच्चीवर?

मावशी : फळ्याचं सांगू नका. एकदा...

बाई : मावशी!

मावशी : काल पाऊस आला. अचानक. कुठं नेऊ सात जणांना? खाली आणलं.

बाई : किती वेळ?

मावशी : तासभर. सव्वा तास असेल.

बाई : आणि खिडक्या लावून घेतल्यात? पाऊस आत येतो म्हणून?

मावशी : लावायला उघड्या कधी होत्या? मागच्या साली रंग दिला ना, तेव्हापासून चिकटून बसल्यात. तिन्ही. ओढून बघा.

बाई : असं कसं चिकटतील? मी... ही तर... हलतसुद्धा नाही.

मावशी : नखं जातील, बाई. मी बत्ता मारून बघितलाय.

बाई : मी कागदावर लिहिलंय, सर्व खोल्यांच्या खिडक्या उघडतात.

मावशी : कधी बघितलंत?

बाई : काल. घरी बसून. खोल्या एकेक डोळ्यांसमोर आणल्या आणि खुणा करत गेले. अकरा वर्षं या शाळेत आहे, म्हटलं त्यात बघायचं काय.

मावशी : म्हणजे कबुतरं तुमच्याकडेही येतात म्हणायची.

बाई : आज मुलं दिसत नाहीत ती?

मावशी : आज सुट्टी दिली. शनिवार ना.

बाई : शनिवारी अर्धी शाळा असते. तुम्हीच घंटा देता.

मावशी : बाई, तुम्ही जरा बाहेर व्हरांड्यात चला. इथं नको.

बाई : का? मावशी, का म्हणून?

मावशी : चला म्हणते ना. तुमच्या घरी आजारी माणूस आहे. हं, इथं वारा आहे, इथं थांबा. बटणला सकाळपासून ताप आहे.

बाई : काल होती ती? त्या खोलीत?

मावशी : पहिल्या बेंचावर. दोनदा खोकली. एकदा शिंकली. मला वाटलं, खडूची धूळ. आई तपासायला घेऊन गेलीय. एकपर्यंत फोन करते म्हणाली होती.

बाई : सव्वा झाला.

मावशी : घड्याळ मीही बघतेय. कळल्यापासून खोली तीनदा पुसली मी. बेंचाच्या खालूनसुद्धा.

बाई : मावशी, मी अर्धा तास त्या खोलीत उभी होते, आणि तुम्ही मला कबुतरं सांगत बसलात.

मावशी : मला भीती वाटली की मी अशीच बोलते. लहानपणापासून. मास्क तुमचा सरकला नव्हता, मी बघत होते. एकदाही नाही.

बाई : गप्प बसा जरा.

मावशी : बसते.

बाई : एक वीस झाले. बोला काहीतरी. हे असं बसवत नाही.

मावशी : आत्ता गप्प बस म्हणालात.

बाई : आता बोला म्हणतेय. काहीही.

मावशी : एका साली असा वारा सुटला, की शाळेची घंटाच उडून गेली. खोटं नाही, हुकासकट. मी मागनं पळतेय, घंटा वरनं वाजत चाललीय, आणि जिथनं जाईल तिथली शाळा सुटतेय! एका गावात गुरुजींनी नुकता खडू हातात घेतला होता, वर्ग रिकामा. पुढच्या गावात तर कचेरी सुटली, साहेब डबा घेऊन निघाले. मी ओरडतेय, अहो थांबा, ही आमची घंटा आहे, तुमची नाही! कुणी ऐकायलाच... आला. फोन आला.

बाई : घ्या ना! बघत काय बसलात? आवाज मोठा करा.

मावशी : हां, बोल गं. काय म्हणाले?

बटणची आई (फोनवर) : मावशी, आहे म्हणाले.

मावशी : काय आहे?

बटणची आई : तोच. तोच आजार. ताप आहे, पण श्वास चांगला चाललाय म्हणाले डॉक्टर. औषध दिलंय, घरीच ठेवा म्हणाले. माझंही तपासायला घेतलंय. मला वाटतं मीच आणला असणार, चादरींमधून. मावशी, तुमचं वय झालंय, तुम्ही आजच जाऊन या तपासायला. आणि बाकीच्या पोरांच्या घरी...

बाई : मी मुख्याध्यापिका बोलतेय.

बटणची आई : बाई, तुम्ही? बाई, मावशींना काही करू नका. मी पाठवत होते. मला ठाऊक होतं बंद आहे ते.

बाई : ते राहू दे. तिला धाप लागत नाही ना? पाणी पितेय?

बटणची आई : पितेय. मघापासून पाढे म्हणतेय. सात नव्वे बासष्ट, बासष्ट, चाललंय तिचं.

बाई : म्हणू दे. धाप लागली तर क्षणभर थांबायचं नाही. तडक दवाखाना. आणि मला फोन. किती वाजले हे बघायचं नाही.

बटणची आई : हो. बाई, सोमवारी शाळा उघडणार म्हणतात. खरं का?

बाई : का विचारता?

बटणची आई : आता तर ती घरातच राहील, मीही राहीन. मी त्याच्या पुढचं विचारतेय. मी पुन्हा कामाला लागले की काय करू? परत कडी लावू?

बाई : कागद अजून दिलेला नाही. बघते काय करता येतं ते.

बटणची आई : बरं. ठेवते. ती हाक मारतेय.

मावशी : बटण गं माझी.

बाई : रडायचं नंतर. पेन आहे का?

मावशी : हे घ्या. काय करताय? शिक्का मारताय?

बाई : खोडतेय. खिडक्या उघडतात, नाही. तिसरीच्या तिन्ही बंद. बाकीच्या हात लावून बघितल्याशिवाय लिहिणार नाही. आणि हा रकाना. शाळेच्या आवारात आलेल्यांपैकी कुणी आजारी आढळलं का? इथेही मी नाही लिहिलं होतं.

मावशी : ते तसंच राहू दे की. कागदावर शाळा बंद होती. बंद शाळेत कोण येतंय? कुणी आलंच नाही.

बाई : चारशे मुलं आहेत, मावशी.

मावशी : आणि मी एकटी आहे, बाई. ही नोकरी गेली की फाटकाची खोली गेली. या वयात कुठं जाऊ?

बाई : तुमचं नाव लिहीत नाहीये. शाळेच्या किल्ल्या माझ्या नावावर आहेत. मुख्याध्यापिका जबाबदार, एवढंच लिहितेय.

मावशी : मग तुम्हाला काढतील.

बाई : काढतील किंवा नाही. दीड महिना गच्चीवर सात मुलं बसली, कुणाला काही झालं नाही, हे लिहितेय. काल तासभर बंद खोलीत बसली, हेही.

मावशी : पण तिला आईकडून आलं म्हणते ती. खोलीचा काय दोष?

बाई : तिला कुठून आलं ते नव्हे. खोलीतून कुणाकुणाबरोबर घरी गेलं असेल, ते. ते मलाही ठाऊक नाही, तुम्हालाही नाही.

मावशी : म्हणजे सोमवारी नाही उघडायची.

बाई : खोल्या नाही. गच्चीवर थोडी थोडी मुलं बसवू का, असं विचारलंय कागदाच्या खाली. हसतील कार्यालयात. हसू देत. कागद जाता जाता देऊ. बाकीच्या सहाजणांना फोन लावा.

मावशी : चौघांच्या घरी दिवसभर फोनच नसतो. फोन असता तर मुलं घरी बसून फोनवरचा तुमचा तास नसती ऐकत? माझ्याकडे कशाला आली असती?

बाई : पत्ते?

मावशी : पत्ते कसले! पाण्याच्या टाकीमागनं आत, मग शिवणकामवाल्याच्या बाजूला. मला यावंच लागेल.

बाई : तुम्ही काल त्या खोलीत होतात. कुणाच्या दारापाशी जायचं नाही. माझ्या मागे वीस पावलं राहायचं आणि लांबून सांगायचं. नंतर थेट तपासणीला.

मावशी : वीस पावलं मागनं? चोर धरायला निघाल्यासारख्या दिसू आपण.

बाई : दिसू दे.

(एक अरुंद जिना. बाई वर, मावशी खाली रस्त्यावर.)

मावशी : आणखी वर! तिसरा मजला. डावं दार!

बाई : हळू बोला. कोण राहतं इथे?

मावशी : फुगा. गाल एवढे एवढे. आई-बाप दोघं दुकानात असतात, घरी आजी असते. बाई, एक सांगायचं राहिलं.

बाई : काय?

मावशी : आजीला दमा आहे.

बाई : हे मला शाळेत नाही सांगता आलं?

मावशी : तेव्हा सांगायचा धीर झाला नाही.

बाई : काय सांगू मी तिला? कुठून सुरुवात करू?

मावशी : मला विचारता? मी सुरू केलं की त्यात हत्ती येईल. तुम्हीच सांगा. सरळ, जसं झालं तसं.

बाई : दार वाजवतेय मी.

आतून मुलगा : कोण आहे?

बाई : मी आहे बाळा. शाळेतल्या बाई. दार उघडू नकोस. आजीला तोंडाला फडकं बांधून दाराशी बोलव.

आतून मुलगा : आजी! ए आजी, लवकर ये ना! शाळा आली!