वीतभर गाव

सिस्टर: ...आणि सोबत आलेले ते तुम्हीच ना? मिस्टर?

तो: मी... सोबतचा.

सिस्टर: सोबतचेच हवेत आम्हाला. एकट्या पेशंटला आम्ही इथून सोडत नाही. बाई, हनुवटी वर करा. थेंब टाकते. आधी झोंबेल, मग डोळा बधिर होईल.

ती: झोंबलं.

तो: लगेच? अजून झाकण उघडतायत त्या.

ती: तू गप रे, लिफ्टवाल्या.

सिस्टर: भांडा, भांडा. भांडणारे पेशंट बरे. मुकाट बसलेलेच आत जाऊन रडतात. आता नीट ऐका. डॉक्टरांनी सांगितलंय, तरी पुन्हा सांगते. आत पाठीवर झोपायचं. पापणी मिटू नये म्हणून छोटी चिमटी लावतात. मग डोळ्यावर दाब येईल आणि जरा वेळ सगळं काळं होईल.

तो: काळं म्हणजे?

सिस्टर: दिवे गेल्यासारखं. येतात परत. मग एक हिरवा ठिपका दिसेल. त्याच्याकडे बघत राहायचं, एवढंच तुमचं काम. मशीन टकटक करेल. जळकट वास येईल.

तो: जळकट? डोळा जळतो की काय?

सिस्टर: जळत काही नाही हो. बुबुळावर पारदर्शक पडदा असतो, लेझर त्याला नवा आकार देतं, त्याचा तो वास. दुखत नाही. तुम्हीच पांढरे पडलात की! बाई बघा कशा बसल्यात.

ती: हा दहाव्या मजल्यावर लिफ्टच्या दोराला लोंबकळतो, आणि सुई दिसली की मटकन खाली बसतो.

तो: सुई वेगळी. सुईला दोर नसतो.

ती: नंतर काय होतं, सिस्टर?

सिस्टर: नंतर काही तास दुधाळ काचेतून बघितल्यासारखं. वाळू गेल्यासारखं खुपेल, पाणी वाहील. घरी जायचं, झोपायचं. आणि काहीही होवो, डोळे चोळायचे नाहीत. वर पापुद्र्यासारखी चकती असते, चोळलं की ती सरकते. मग केलं-सवरलं सगळं पाण्यात. उद्या तपासणी. पुढे काही महिने डोळे कोरडे वाटतील, अंधारात दिव्यांभोवती वलयं दिसतील. बहुतेकांची हळूहळू जातात.

ती: आणि जवळचं?

सिस्टर: डॉक्टर बोललेत ना त्याबद्दल? तुमची चाळिशी उलटलीय. लांबचा नंबर जाईल, पण वाचायला चष्मा लागेल. आत्ता कसं, चष्मा काढून पुस्तक नाकाशी धरलं की बारीक अक्षरही लख्ख दिसतं तुम्हाला. ते नाही राहायचं.

ती: एवढ्या अंतरावरचं? वीतभर?

सिस्टर: वीतभरावरचं तर नाहीच. अंधुक होणार.

ती: चेहरासुद्धा?

सिस्टर: इतक्या जवळून कुणाचा चेहरा बघता हो बाई?

ती: असंच विचारलं.

सिस्टर: पुस्तक काय, चेहरा काय, डोळ्याला सारखंच. सही केलीय तुम्ही, तरी विचारते. नको असेल तर अजून उठता येईल.

तो: थांब ना जरा. सगळा जन्म वाचनालयात गेला तुझा, पुस्तकं नाकाशी धरून.

ती: पक्कं आहे. चला.

सिस्टर: मग चष्मा काढा. मिस्टरांकडे देऊ?

ती: त्याच्याकडेच द्या. त्याला सवय आहे.

*

तो: हळू. उंबरठा आलाय तुझ्या घराचा. डावा पाय.

ती: माझंच घर मला दाखवतोस?

तो: डोळ्यांवर ढाली बांधल्यात तुझ्या. युद्धावरून आल्यासारखी दिसतेस.

ती: जिंकून की हरून?

तो: झोप आता. पडदा ओढलाय. उशी ठीक आहे? आतल्या खोलीतून अजून एक आणू?

ती: तिथे उशी नाही. पुस्तकं आहेत.

तो: ...भिंतीवरचे ससे तसेच आहेत.

ती: रंग द्यायला हात धजला नाही.

तो: एक ससा तिरका आलाय. तेव्हाच म्हणालो होतो, शिडी मी धरतो, तू रंगव. ऐकलं नाहीस.

ती: ज्याच्यासाठी काढले तो आला असता, तर तिरकाच त्याला आवडला असता.

तो: हं.

ती: बायकोला काय सांगून आलास?

तो: खरं तेच. तुला नेणारं-आणणारं कुणी नाही म्हटलं. ती म्हणाली, जा, दवाखान्यात कुणी एकटं जाऊ नये.

ती: चांगली आहे रे.

तो: आहे.

ती: तिथेच तर माझी पंचाईत होते. वाईट असती तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

तो: थेंबांची वेळ झाली. ढाल काढतो. वर बघ. हलू नकोस... झालं. मीट.

ती: एका थेंबाला एवढा वेळ?

तो: तुझा डोळा आहे. लिफ्टचं बटण असतं तर केव्हाच दाबलं असतं. चष्मा कुठे ठेवू हा?

ती: खिडकीच्या कट्ट्यावर. जिथे ठेवायचास तिथे.

तो: आता कशाला लागतोय?

ती: ठेव. आजचा दिवस ठेव.

तो: एक विचारू? मी मागे लागायचो तेव्हा म्हणायचीस, ढापणी आहे तीच बरी आहे. मग आताच काय झालं?

ती: डोळे मिटलेत म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं. वाचता वाचता डोळा लागायचा माझा. चष्मा कोण काढायचं?

तो: मी.

ती: मला कळायचंच नाही. सकाळी हात लांब केला की कट्ट्यावर चष्मा. इतक्या वर्षांत वाटायला लागलं होतं की तो आपला आपण चालत जाऊन बसतो तिथे. तू गेलास. मी तशीच वाचत झोपत राहिले. आणि एका सकाळी हात लांब केला तर कट्टा रिकामा. अंथरुणात नाही, उशीखाली नाही. रांगत शोधला. चष्मा शोधायलाच चष्मा लागतो रे. शेवटी सापडला तो टाचेखाली.

तो: लागलं का?

ती: काचच ती. पण ते सोड. त्या धुक्यात मी भिंतीला टेकून बसले. तुझे कपडे गेले, तुझी हत्यारांची पेटी गेली, दाढीचा वाससुद्धा गेला या घरातून. हा चष्मा एवढा राहिला होता, माझ्याच नाकावर. रोज सकाळी मला विचारायचा, माणूस कुठे गेला म्हणून. म्हटलं, यालाच घालवू. ...आहेस का?

तो: आहे.

ती: मग हुंकार देत जा. डोळे मिटलेत माझे. गप्प बसलास की गेलास असं वाटतं.

तो: हं.

ती: असा.

तो: सिस्टरना चेहऱ्याचं का विचारलंस?

ती: कळलं नाही तुला?

तो: मी यंत्रांतला माणूस. उघडून दाखवलं तरच कळतं.

ती: लग्नानंतर मी दोन ओळी बांधल्या होत्या. तुला ऐकवल्या आणि तू म्हणालास, छान आहे, आता झोप.

तो: आठवत नाही.

ती: 
वीतभर माझं गाव, गावात एक घर,
धुक्याच्या पल्याड नाही कशाची खबर.

तो: गाव म्हणजे...

ती: चष्मा काढला की मला वीतभरच दिसायचं. तेवढंच, पण लख्ख. बाकी सगळं धुकं. नुसत्या डोळ्यांनी मी अख्ख्या जगात एकच चेहरा पाहिला. उशीवरचा. आईचासुद्धा नाही पाहिला तसा. तुझ्या भुवईतला तो एकटा पांढरा केस, तुला आरशात दिसायच्या आधी मला दिसला होता.

तो: ढापणे...

ती: तसं म्हणू नकोस आता. ढापणं कट्ट्यावर आहे.

तो: म्हणजे आज तू ते...

ती: देऊन आले. लांबचं सगळं घेतलं, वीतभर देऊन टाकलं. आता तिथे कुणीही टेकलं तरी अंधुकच दिसेल. कुणाशी तुलना नको, की आठवण नको.

तो: आपण तेव्हा बोलायला हवं होतं गं. ती खोली रिकामी राहिली तेव्हा. तू पुस्तकात गेलीस, मी कामात. दोघंही दाराशी थांबलो, दुसऱ्यानं उघडावं म्हणून.

ती: हं.

तो: पाणी येतंय तुझ्या डोळ्यांतून.

ती: येणारच. सिस्टर म्हणाल्या होत्या ना, पाणी वाहील. गालावरून टीप. डोळ्याला हात लावू नकोस.

तो: नाही लावत.

ती: ऊन उतरलं की जा तू. झोपायला शेजारच्या काकू येणार आहेत. सकाळी तपासणीला मात्र ने.

तो: नेतो.

*

(दुसऱ्या दिवशी सकाळी. तपासणी करून आल्यावर. ती वर गॅलरीत, तो खाली रस्त्यावर. दोघांच्या कानाला फोन.)

तो: गॉगल काढलास का?

ती: सावलीत आहे मी. डॉक्टरांनी पाठ थोपटली ना? तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. आता कुठे आहेस? थांब, सांगू नकोस. फाटकापाशी.

तो: किती बोटं?

ती: तीन. आणि करंगळीला पट्टी आहे. काल अंधुकात कळलं नाही. दोर लागला?

तो: पत्रा. बापरे, तुझी आता धास्तीच घ्यायला हवी. चालतोय हं. ...आता? शिंप्याच्या दुकानासमोर आहे.

ती: दोन बोटं. आणि शिंप्यासमोर उभाच आहेस तर उजव्या खांद्यावरची शिवण घालून घे. उसवलीय.

तो: वरून शिवण दिसते?

ती: दिसते. तू सकाळच्या पाळीला निघायचास तेव्हा मी अर्ध्या झोपेत इथे यायचे, चष्म्याविना. फाटकाच्या अलीकडेच विरायचास. मी आपली धुक्याला हात हलवायचे.

तो: मी कोपऱ्यावरूनही हलवायचो. दिसणार नाही हे माहीत असून.

ती: आज दिसेल. जा कोपऱ्यापर्यंत.

तो: चाललोय. तू आत जा ना पण. थेंब टाकायचे असतील.

ती: टाकले. कडुनिंबाचं पान न् पान सुटं दिसतंय रे. तारेवर पाखरू बसलंय, त्याची चोचसुद्धा. पलीकडच्या गच्चीवर कुणाचे तरी मोजे वाळतायत, एक निळा, एक... अरे.

तो: काय झालं? खुपतंय का?

ती: कोपऱ्यावर स्कूटरपाशी बाई उभी आहे. पिवळी ओढणी.

तो: ...हो. ती आलीय. न्यायला.

ती: पोटावर हात ठेवून उभी आहे.

तो: ...

ती: हुंकार दे.

तो: हं.

ती: कितवा?

तो: सहावा. आज तिचीही तपासणी आहे. तिला म्हटलं होतं कोपऱ्यावर थांब, इथवर येऊ नकोस. तू चष्म्याविना गॅलरीत, म्हणजे कोपरा दिसणार नाही... इतक्या वर्षांची सवय गं. लक्षातच आलं नाही.

ती: कालच डोळे नीट करून आणलेस माझे.

तो: सांगणार होतो. कसं सांगू, ते कळेना. काल त्या सशांसमोर उभा राहिलो आणि...

ती: तिला उन्हात उभी करू नकोस. झाडाखाली घे.

तो: घेतो.

ती: आणि स्कूटर हळू चालव. खड्डे चुकव.

तो: हो.

ती: तिरका ससा काढ एक. सरळ काढलास तर बघणारच नाही ते.

तो: ...पोहोचलो मी कोपऱ्यावर. हात हलवतोय. दिसतोय का अजून?

ती: नाही.

तो: खरंच?

ती: खरंच. पार धुकं झालास. जा आता.

तो: बरं. ठेवतो मग.

ती: ठेव. आणि असे डोळे चोळू नकोस.