एक तरी शाकाहारी पायजे

आमच्या तालमीच्या रस्सा पार्टीला एकदा कोणच जेवणार नव्हतं, ते ऐका. आमचा सागर आर नावाची आकडेमोडीची कम्प्युटर भाषा शिकलाय. तालमीचे अण्णा त्याला म्हणाले, "मटणाच्या यादीतनं शाकाहारी तेवढं काढ आणि आचाऱ्याला पाठव."

सागरनं काढलं आणि पाठवलं. लगेच आचाऱ्याचा फोन. "अण्णा, यादी कोरी आलीया. चूल पेटवू का नको?"

अण्णांनी सागरकडं बघितलं. "लेका, सगळी तालीम माळकरी झाली व्हय?"

सागर घाम पुसत म्हणाला, "अण्णा, शाकाहारी वजा कर म्हटलं आणि एकबी शाकाहारी घावला न्हाय, की ही भाषा सगळ्यास्नीच काढून टाकती."

मी म्हटलं, "मग सोपं हाय की. एक शाकाहारी घाला."

सागर पाणी प्यायला उठला तवर मी एका नावापुढं शाकाहारी लिवलं आणि बटण दाबलं. बाकीची नावं बिनबोभाट परत आली. चूल पेटली.

पंगतीत आचाऱ्यानं सागरच्या ताटात मटकीची उसळ वाढली.

"हे कुणी केलं?" सागर म्हणाला.

अण्णा नळी फोडत म्हणाले, "कम्प्युटरनं. खा गप."