मानसिंगचा नंबर न्यून निघाला

...आणि मुलगी बघायला आलेल्या माणसाला समोर बसवून कुणी भागाकार करतं का, तुम्हीच सांगा... कुंडलचा मानसिंग, पलटणीतला जवान, रजेवर आलेला, आईला, म्हणजे राहीबाईंना घेऊन सांगलीला नाथाजी मास्तरांची अंजना बघायला गेला, मुलगी पसंत, पोहे पसंत, आता सुपारी फोडायची एवढंच राहिलेलं, तर गणिताच्या या मास्तरांनी सहज विचारलं, "पलटणीत नंबर काय तुमचा?" आणि या शहाण्यानं छाती काढून सांगितला, सत्तावीस लाख पन्नास हजार एकशे एकोणसाठ.

झालं. मास्तर पाटी घेऊन बसले. "सम नाही. अंकांची बेरीज एकोणतीस, म्हणजे तिनानं जात नाही. सातानं नाही. सतरानं... अरेरे, एक उरला." तुम्हाला सांगतो, भाग काय जाईना. चहा निवला, ऊन भिंतीवरून उतरलं, मानसिंगच्या पायाला मुंग्या आल्या, आणि आतल्या पडद्याखाली अंजनाची पावलं दिसत होती तिकडं बघत तो मनात म्हणतोय, देवा, कशानं तरी जाऊ दे रं ह्याला. "वर्गमूळ सोळाशे अठ्ठावन्न, तिथपर्यंत बघितलं की सुटलो," मास्तर म्हणाले. सोळाशे, बरं का! राहीबाई मधनंमधनं विचारतायत, "झालं का वो पावनं?" कुठलं व्हायला... भाग काय जाईना.

दिवेलागणीला मास्तरांनी मान वर केली. "मूळ संख्या आहे. अर्थात, न्यून."

न्यून म्हटल्यावर राहीबाई पदर सावरून उठल्याच. "माझ्या पोरात न्यून? सरकारनं छाती मोजून घेतलाय त्याला. चल रं मानसिंग, यष्टी गावंल अजून." मानसिंगचं तोंड लढाईत उतरलं नसेल एवढं उतरलं.

तेवढ्यात पडदा सारून अंजनाच बाहेर आली. "आवं आत्याबाई, बसा. न्यून म्हंजी खोट न्हाई. ज्या ज्या आकड्यानं भाग जातो त्यांची बेरीज करायची, तो आकडा स्वतः सोडून. ती त्याच्यापेक्षा कमी भरली की न्यून म्हणत्यात. ह्यांच्या नंबराला तर एकानंच भाग जातो."

"एकानंच?"

"एकानंच."

"जन्मभर?"

"कवाबी."

राहीबाईंनी पोराकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि बसल्या. "मग ती एक तूच हो, बाई." मानसिंगनं असा श्वास सोडला, की समईची वात हलली.

आता तारीख. मास्तर म्हणाले, "सहा. सहाचे भाजक एक, दोन, तीन. बेरीज पुन्हा सहाच. परिपूर्ण संख्या." रजेत बसत होती, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी भटजींनी पंचांग उघडलं, तर सहाला अमावास्या. मास्तर लगेच म्हणाले, "मग दुसरा आकडा तपासून बघतो."

राहीबाईंनी हात जोडले. "नगा, मास्तर. आमुशा तर आमुशा."