गोऱ्या बाईच्या अंघोळीचं पाणी

आमच्या कष्टांचं कौतुक करायला एकदा थेट विलायतेहून बाई आली होती, बरं का. साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याकडच्या आमच्या गावाला विहीर हवी की नको, हे तिनं राहून, पाहून लिहून द्यायचं होतं. मराठी पुण्यात शिकलेली. नाल्यापल्याडून आम्ही डोक्यावर गुंडानं, म्हणजे पितळी घागरीनं, पाणी आणताना पाहून म्हणाली, "मावशी, किती डौलदार चाल तुमची! विहीर झाली तर हे सौंदर्य जाईल."

मी म्हटलं, "बाई, तुह्या अंघोळीले रोज दोन गुंड पाणी मीच आणून राहिली. उद्यापासून तू आण. तुले बी डौल येईन."

तीन दिवस बाईनं अंघोळच केली नाही. चौथ्या दिवशी "विहीर ताबडतोब हवी" असं लिहून दिलं. जागाही तिनंच दाखवली, स्वतःच्या खोलीच्या दारासमोर!