रंध्याचा ठेका

(नाचाचा वर्ग नुकताच सुटला आहे. सासरे आणि सून दारात.)

सासरे : ओढू नकोस गं. पाय चिकटलेत पुन्हा.

सून : ओढत नाही, अण्णा. सावकाश. आपली कुठली गाडी सुटतेय?

सासरे : जन्मभर सुतारकी केली, गावभर दारं बसवली. आता एक ओलांडता येईना. हा कंपवात नेमका दारातच कसा आडवा येतो?

नाचाच्या बाई : काका, आत्ताच तर अख्खी खोली पार केलीत.

सासरे : तेव्हा तुम्ही टाळ्यांवर ठेका धरला होतात.

बाई : तेच तर. डॉक्टर म्हणतात, पायात ताकद आहे, मेंदूचा हुकूम वाटेत अडतो. ठेका मिळाला की तो दुसऱ्या वाटेनं येतो. एवढं त्यांचं शास्त्र. ठेका कुठला, ते माझं खातं. तुमच्या अंगात मुरलेला कुठला?

सासरे : अंगात? रंधा. सर्र... दम... सर्र.

बाई : मग मारा रंधा. सूनबाई, तुम्हीही म्हणा.

सून : सर्र...

सासरे : एवढी घाई नको, लाकूड उचकटेल. सर्र... दम... सर्र...

सून : अण्णा, आलात की बाहेर.

सासरे : आलो खरा. बाई, हा रोग आता जाणार नाही, ठाऊक आहे मला. पण पाय परत दिलेत तुम्ही आणि डॉक्टरांनी. त्यांनाही सांगा.

बाई : तुम्हीच सांगा, चालत जाऊन. येते मी.

सून : ह्यांनी चाकांची खुर्ची ठरवलीय. उद्या आणणार आहेत.

सासरे : त्याला म्हणावं, थांब जरा. लागेल तेव्हा बसेन, लाजणार नाही. पण आज नको.

सून : सांगते.

सासरे : नाचाचं नाव काढलंस तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं मी. तरी आणलंस.

सून : मोरीत पडल्यापासून तुम्ही खिडकीशी बसून होतात. बघवेना.

सासरे : तुझा फार आधार झाला, पोरी. बस इथे. समोर चहा मिळतोय.

सून : मी आणते. तुमचा हात...

सासरे : कप अर्धाच भरायला सांगतो. बस म्हटलं ना.

सून : बरं, बसले.

सासरे : साखर किती घेतेस तू? इतकी वर्षं तुझ्या हातचा चहा पितोय, विचारायचं राहूनच गेलं.