नकाशावरचा बाण

ताई : आधी खुर्ची फिरव आणि माझ्याकडे बघून बोल. त्या संगणकाच्या पडद्याकडे बघत दिलेली उत्तरं मला नकोत.

धाकटी : बघते. पण बांधकाम समितीकडे अहवाल गेलाय, ताई. तू आखलेल्या हॉस्पिटलमधला मुलांचा वॉर्ड दुपारी भट्टीसारखा तापणार, असं मॉडेल म्हणतंय. मी नाही.

ताई : मॉडेल काय आकाशातून पडलं? तूच केलंस ना? तुझ्यामुळे समिती उद्या त्या वॉर्डच्या खिडक्या निम्म्या करायला सांगणार आहे. आजारी पोरांनी दिवसभर भिंतीकडे बघत पडायचं.

धाकटी : बांधायच्या आधी इमारत संगणकात वर्षभर चालवून बघायची, ऊन, वारा, माणसं सगळं घालून, आणि कुठे बिघडतंय ते सांगायचं, याचाच मला पगार मिळतो. आणि तू खिडक्यांसाठी चिडलेली नाहीस.

ताई : मग कशासाठी?

धाकटी : बाबांसाठी.

ताई : काढलंस ना नाव, मग ऐक. वीस वर्षं इमारती बांधतेय मी. बाबा येतात, बघतात, ‘ठीक आहे’ म्हणतात आणि चप्पल कुठे काढली ते शोधायला लागतात. तू ते तापलेलं लाल, गार निळं असं चित्र दाखवलंस तर चष्मा पुसून पुसून बघत होते. ‘धाकटीने अख्खं हॉस्पिटल डब्यात बसवलं’ म्हणून शेजारीपाजारी सांगत सुटलेत. हॉस्पिटल माझं, डबा तुझा, आणि कौतुक डब्याचं.

धाकटी : झोंबलं.

ताई : झोंबलंच. म्हणून दोन दिवस तुझी चूक शोधत होते. जेवतानासुद्धा.

धाकटी : सापडली?

ताई : हा माझा नकाशा. उत्तरेचा बाण कुठे आहे?

धाकटी : वरच असणार... थांब. हा डावीकडे आहे.

ताई : इमारत लांबट आहे. कागदावर बसेना, म्हणून आडवी फिरवली आणि बाण डावीकडे काढला. तू कागदाची वरची बाजू उत्तर धरलीस. माझा वॉर्ड उत्तरेला आहे, बाई. तू त्याला पश्चिमेचं ऊन दाखवलंस आणि वर तापतो म्हणून बोंब मारलीस.

धाकटी : अरे देवा.

ताई : आता देव आठवला. फिरव ते मॉडेल. माझ्यासमोर.

(मॉडेल पुन्हा चालतं. दोघी पडद्याकडे बघत बसतात.)

धाकटी : वॉर्ड गार आहे. सावलीतला उजेड, दिवसभर. खिडक्यांना हात लावायची गरज नाही. चुकले मी.

ताई : आणखी एकदा म्हण.

धाकटी : चुकले. आणि कशी चुकले तेही सांगते. एरवी मी बाण पहिला तपासते. ऑफिसातल्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी तेच शिकवते. या वेळी वॉर्ड लाल दिसला आणि मला इतकं बरं वाटलं की पुढे तपासावंसंच वाटलं नाही. लहानपणापासून तुझी चित्रं भिंतीवर लागायची आणि माझी रद्दीत जायची. ताईचं बघ, ताईसारखं कर. म्हटलं, एकदा तरी ताईचं चुकलंय.

ताई : एवढं मनात ठेवून माझ्या घरी जेवायला येत होतीस?

धाकटी : तू तरी कुठे कमी आहेस.

ताई : बरं. दुरुस्त अहवाल आत्ताच्या आत्ता पाठव. हे खाली लाल काय दिसतंय?

धाकटी : तेच सांगणार होते. तुझा बाहेरचा हॉल, डॉक्टरांना दाखवायला आलेली पोरं बसतात तो.

ताई : तो मघाशी निळा होता.

धाकटी : मघाशी तो दक्षिणेला होता. तिकडचं ऊन वरून येतं, ते छज्जा अडवत होता. आता तो खऱ्या जागी आलाय, पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन छज्ज्याखालून थेट काचेत शिरतं.

ताई : ती काच मी मुद्दाम ठेवलीय. मावळतीचा उजेड आत यावा म्हणून. तेवढ्या एका काचेला बाबा ‘वा’ म्हणाले होते.

धाकटी : माहीत आहे. चार दिवस तेच ऐकत होते.

ताई : कितपत तापतो?

धाकटी : अंगात ताप असलेलं पोर मांडीवर घेऊन आईला बसवणार नाही इतका. आणि डॉक्टरांची पोरं तपासायची वेळ संध्याकाळचीच आहे. काच निम्मी करावी लागेल, नाहीतर बाहेरून जाळी.

ताई : जाळी लावली तर ती काच कसली.

धाकटी : ताई, मी फक्त वॉर्डचं पान दुरुस्त करून पाठवू का? समितीने हॉलबद्दल काही विचारलेलं नाही. बाणाची चूक माझी होती, तेवढं मी तुझं देणं लागते.

ताई : तुझी मेहेरबानी नकोय मला.

धाकटी : मेहेरबानी नाही गं.

ताई : मग काय आहे? उद्या तिथे एखादं पोर तापात फणफणेल आणि मी काचेकडे बघत उभी राहीन? दोन्ही पानं पाठव. जाळी मी आखते. बरी दिसेल अशी आखते.

धाकटी : बाबांना कोण सांगणार?

ताई : मी सांगेन. तू सांगितलंस तर आणखी चार घरी जाऊन तुझं कौतुक करून येतील.

धाकटी : पाठवू ना मग?

ताई : थांब. एक विचारते, खरं सांग. हॉल लाल झालेला बघून आनंद झाला का तुला?

धाकटी : नाही.

ताई : खरं सांग म्हटलं.

धाकटी : थोडा झाला.

ताई : मग पाठवू नकोस अजून. पुन्हा एकदा तपास.