आईच्या गिझरचं बटण

दवाखान्यात माझ्यासमोर एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांच्या आईला आत वाफ देत होते. आमच्या वेळी भावंडं दवाखान्यात तरी कुजबुजत भांडायची.

“जुना गिझर काय वाईट होता रे? बटण दाबलं की पाणी तापायचं.”

“आणि आई बंद करायला विसरायची. एक दिवस फुटला असता, ताई. म्हणून मोबाइलवरून चालणारा बसवला.”

“मोबाइल कुणाचा? तुझा. आणि तू राहतोस दुसऱ्या गावात.”

“मग काय झालं? अंघोळीआधी मला फोन करायचा, मी चालू करतो. इतकं साधं आहे.”

“केला होता ना तिने. काय म्हणालास?”

“मीटिंगमध्ये होतो गं.”

“‘आई, जरा वेळाने’ म्हणालास. मग तिने फोन करणंच सोडलं. या गारठ्यात रोज गार पाणी अंगावर घेत होती.”

“मला सांगायचं ना.”

“स्वतःच्या घरात अंघोळ करायला तुझी परवानगी काढायची का तिने?”

“उगाच डोकं फिरवू नकोस माझं. हे बघ, केला गिझर चालू. झालं समाधान?”

“कुणासाठी केलास, शहाण्या? घरात कोण आहे?”